बुडालेल्या वाडीचं लोखंड

मला पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, कुणीतरी काठीच्या टोकाला ताटली बांधून ठेवली आहे. वर हात अडकवायची जागा, मध्ये एक डबी, डबीवर दोन गोल बटणं आणि त्यातलं एक फिरतच नाही. मित्रांनो, मी एक जुना धातुशोधक आहे. लोक मला मेटल डिटेक्टर म्हणतात. आळे गावात हौशीराम नावाच्या माणसाच्या घरी, माळ्यावर, कांद्याच्या रिकाम्या गोण्यांशेजारी मी उभा असतो. सध्या माझ्या पोटात सेल नाहीत. सेल नसलेल्या यंत्राला काही ऐकू येऊ नये. तरीही दुपारी घर निजलं, की मला जमिनीखालून उत्तरं येऊ लागतात. ती कुणाची, ते तुम्हाला सांगतो.

आधी माझं काम समजून घ्या. माझ्या ताटलीत तांब्याच्या तारेचं वेटोळं आहे. त्यातून मी जमिनीत एक हाक सोडतो. ती तुमच्या कानांना ऐकू येत नाही. माती ती हाक बहुतेक गिळून टाकते. पण मातीत धातू असेल, तर तो जागा होतो आणि उलट हाक देतो. मग मी वाजतो. चांदी असेल तर माझा आवाज उंच आणि गोड येतो. लोखंड असेल तर मी घशातून गुरगुरतो.

मला एकच सूर दिलेला आहे. कारखान्यातून निघताना जो मिळाला, त्याच एका सुरात मी जन्मभर हाका मारत आलो. माझ्यासारख्यांना सिंगल फ्रीक्वेन्सी म्हणतात.

माझी उमेदीची वर्षं कोकणात गेली. हौशीराम तेव्हा तिकडे समुद्राकाठच्या एका हॉटेलात माळीकाम करायचा. येणाऱ्या पाहुण्यांच्या अंगठ्या, किल्ल्या, कानातलं वाळूत पडायचं आणि रडारड व्हायची. ती पाहून त्याने मला आणलं. कोरड्या वाळूत माझ्याइतका खरा सोबती शोधून सापडला नसता. एकदा एका नव्या नवरीचं मंगळसूत्र मी वाळूतून काढून दिलं. तिने ते हातात घेतलं आणि वाकून माझ्या ताटलीला हात लावून नमस्कार केला. तो स्पर्श मी विसरलो नाही.

पण लाटा जिथे येऊन परततात, तिथे माझं सगळं बिघडायचं. तिथली वाळू ओली आणि खारी. खाऱ्या पाण्यातून वीज वाहते, त्यामुळे तेही माझ्या हाकेला धातूसारखंच उत्तर देतं. मला वाटायचं, अख्खा समुद्र धातूचा आहे. मी ओरडत सुटायचो. हौशीराम माझी ताकद कमी करायचा. मग मी शांत व्हायचो खरा, पण खोलवरचं ऐकू येईनासं व्हायचं. लोक हसायचे. "अहो, तुमचं मशीन भुताला भ्यालंय का?" असं एकाने विचारल्याचंही आठवतं. त्याच खाऱ्या हवेने माझं एक बटण गंजून बसलं. लोखंडाचा आवाज गाळून टाकायचं बटण होतं ते. तेव्हापासून साधा खिळा दिसला तरी मला गुरगुरावंच लागतं.

मग नवा आला.

तो मल्टी फ्रीक्वेन्सी होता. एका वेळी अनेक सुरांत हाक मारायचा. खोल गेलेल्या मोठ्या नाण्याला खालचा सूर लागतो, बारीक साखळीला वरचा. मला एकाच सुरात दोन्ही भागवावं लागे. त्याच्याकडे दोन्ही होते, मधलेही होते. खाऱ्या वाळूचं उत्तर प्रत्येक सुरात कसं बदलतं आणि अंगठीचं कसं, हे तो ताडून बघायचा. ताडून झालं, की मिठाचं उत्तर वजा करायचा. उरायची ती अंगठी. भर लाटेत, घोट्याइतक्या पाण्यात तो शांतपणे फिरायचा आणि खरी वस्तू आली की तेवढाच बोलायचा. मला हेवा वाटला, हे नाकारत नाही. पण खोटं कसं बोलू? ओल्या किनाऱ्यावर तो माझ्यापेक्षा सरस होता. मी गाडीच्या मागच्या बाजूला, चिखलाच्या बुटांखाली पडून राहू लागलो.

पुढे हौशीराम कोकणातलं काम सोडून आळ्याला शेती बघायला आला आणि आम्ही दोघंही त्याच्यासोबत डोंगर चढून आलो. इथे समुद्र नाही. आळेफाट्याच्या एका लग्नाच्या लॉनवर हौशीरामने नवरदेवाची अंगठी काढून दिली आणि तालुकाभर नाव झालं. नाव झालं तशी नको ती माणसंही यायला लागली.

"हौशीरामभाऊ, किल्ल्याच्या पायथ्याला एक जागा हाय. गुपचूप मशीन फिरवू. निम्मं तुमचं."

"निम्मं माझं आणि जेल मात्र सगळी माझी का?" हौशीराम म्हणायचा. "लेणी, किल्ले, जुनी देवळं, तिथं मशीन न्यायचं नाही. कायदा आहे. चहा घ्या आणि निघा."

अशात एके दिवशी कळंबजवळच्या वस्तीतून धम्मपाल आला. तो वायरमन होता. खांबावर चढून चढून त्याचे तळहात राठ झाले होते. चहा त्याने समोर तसाच ठेवला.

"भाऊ, काम सोन्याचं नाही," तो म्हणाला. "माझ्या आईचं आहे."

त्याच्या आईचं नाव फुलाबाई. सून म्हणून ती ज्या वाडीत नांदायला गेली, ती वाडी पुढे डिंभ्याच्या धरणात बुडाली. बुडायच्या कितीतरी आधी, धम्मपालचाही जन्म व्हायच्या आधी, फुलाबाईची पहिली मुलगी तापाने गेली. यशोधरा तिचं नाव. नुकती भिंत धरून चालायला लागली होती. पायात घुंगरांचे चांदीचे वाळे होते. त्या वेळी फुलाबाईही तापाने बेशुद्ध होती आणि तिचा नवरा भागुजी कामासाठी नाशिकला गेलेला. सासूने, कुशाबाईने, लेकराला उचललं आणि ओढ्याच्या अंगाला नेऊन मातीत ठेवलं. लहान लेकरांना जाळत नाहीत, पुरतात. फुलाबाई उठून बसली तेव्हा सासूने नुसता हात करून दिशा दाखवली. त्यावर पुन्हा कधी अक्षर काढलं नाही.

"आता आई म्हणते, वाळे वाजतात," धम्मपाल म्हणाला. "कळंबच्या घरात, भर दुपारी. मी म्हणतो, आई, कानात होतं तसं वय झाल्यावर. ऐकत नाही. यंदा धरणाचं पाणी लई खाली गेलंय. तर ही एकटी एसटीत बसून तिकडं गेली. गाळात गुडघ्यापर्यंत रुतली होती, भाऊ. गेणू नावाच्या शेळ्या राखणाऱ्या माणसानं दोरी टाकून ओढून काढली, म्हणून माझी आई आहे. मी ड्युटीवर असतो. कितीदा राखण करू? जागा सापडली तर तिचा जीव थाऱ्यावर येईल. नाही सापडली, तर एक दिवस ती तिथंच राहील."

हौशीरामने आम्हा दोघांनाही गाडीत टाकलं.

मित्रांनो, उन्हाळ्याच्या शेवटी ओसरलेलं धरण तुम्ही पाहिलं आहे का? पाणी लांब खाली गेलेलं असतं. मागे उरतो तो किनाराच, पण समुद्रासारखा नाही. तिथे गाळ वाळून भेगाळतो, पायाखाली मेलेले शिंपले कुरकुरतात आणि मधूनच बुडून काळी झालेली झाडांची खोडं उभी असतात. पलीकडे आहुप्याकडचे डोंगर धुरकट दिसत होते. एक पाखरू बोलत नव्हतं. वाडी सोडताना लोकांनी दारं, वासे, चांगले दगड नेले होते. उरलेलं गाळाने सपाट केलं होतं. फुलाबाई गाडीतून उतरली, चपला हातात घेतल्या आणि चारी दिशांना बघत राहिली.

"कुठं गं आई?" धम्मपालने विचारलं.

"ओढ्याच्या अंगाला."

"ओढा कुठं आहे?"

ओढाही बुजला होता.

शेळ्या घेऊन गेणू तिथेच होता. त्याने दुरूनच ओळखलं.

"आलात का मावशी पुन्यांदा? आज माझी दोरी घरी ठिवलीय बरं का!"

"तुझ्या दोरीनं माझी बरगडी मोडली असती, मेल्या," फुलाबाई म्हणाली.

"बरगडीच ना? बाकी मावशी अख्खी निघाली का न्हाई? आन् पावणं, ह्या काठीनं काय मासं धरता काय?"

हसणं तेवढंच झालं. हौशीरामने आधी मला सुरू केलं. इथे मीठ नाही, तेव्हा जुना चालेल, असा त्याचा अंदाज. पण पाण्याच्या कडेला काळी रेती साचली होती. आपल्याकडचा काळा दगड झिजून ती होते आणि तिच्यात लोहचुंबकाला चिकटणारे कण असतात. हौशीरामने खिशातलं चुंबक तिच्यातून ओढलं, तर त्याला केसांसारखी काळी लव आली. त्या रेतीने माझं समुद्रासारखंच केलं. मी जागोजागी बरळू लागलो. त्याने मला गाडीला टेकवलं आणि नव्याला काढलं. नव्याने जमीन तोलली, रेतीचं उत्तर वजा केलं आणि तो गप्प झाला.

सुरू करण्याआधी हौशीरामने एकच गोष्ट विचारली. "मावशी, लेकरासोबत लोखंडाचं काही ठेवलं होतं का? आमच्याकडं ठेवतात. काही बाधू नये म्हणून."

फुलाबाई बोलायच्या आधी धम्मपाल बोलला. "आमच्यात नाही ठेवत, भाऊ. छप्पन सालीच सोडलं ते सगळं. माझी आजी स्वतः दीक्षेला होती. घरातले देव तिनं तिच्या हातानं नदीत सोडले. लिंबू नाही, अंगारा नाही, लोखंड नाही."

"मी तवा शुद्धीत नव्हते," फुलाबाई म्हणाली. "पन आत्याबाई कडक व्हत्या. असलं काय करायच्या न्हाईत." सासूला ती आत्याबाई म्हणायची.

"मग लोखंड बंद करतो," हौशीराम म्हणाला. "नाहीतर खिळ्यामागे खिळा वाजेल आणि चांदी त्यात हरवेल."

असं आहे मित्रांनो, नव्याला सांगता येतं की अमुक धातूवर बोलू नकोस. तो आज्ञाधारक आहे. लोखंड ऐकलं तरी तो तोंड उघडत नाही.

तो दिवस गेला. दुसरा गेला. नवा फिरत होता आणि सगळीकडे शांतता होती. त्याच्यासाठी तिथे काहीच नव्हतं. एक जुनं नाणं आणि एक तांब्याची पळी, बस. फुलाबाई खोडाच्या सावलीत बसून त्याच्याकडे टक लावून बघायची. दुसऱ्या दिवशी ती उठून पाण्याकडे चालू लागली. धम्मपालने धावत जाऊन हात धरला.

"सोड. वाजतंय," ती म्हणाली.

"काही वाजत नाही, आई!"

"तुला न्हाई वाजत. तुझी बहीण व्हय ती. तू बघितलीस का तिला कधी?"

धम्मपालने हात सोडला नाही, पण मान फिरवली. हौशीरामने त्याला बाजूला घेऊन सांगितलं की आणखी एक दिवस बघू. त्या एका दिवसापुढे मलाही आशा वाटत नव्हती. वर घाटमाथ्यावर ढग दिसू लागले होते. पाणी पुन्हा चढलं असतं आणि पुन्हा इतकं खाली कधी गेलं असतं, कुणास ठाऊक. तोवर फुलाबाई थांबली असती का?

तिसऱ्या दिवशी नव्याचं चार्जिंग संपलं. त्याची बॅटरी आतच बसवलेली असते आणि त्या माळावर वीज कुठली? हौशीरामने त्याला गाडीला जोडून ठेवलं. रिकामं कसं बसायचं, म्हणून गेणूच्या वाडीतल्या दुकानातून सेल आणवून माझ्या पोटात घातले.

"हे खुळं आहे," त्याने सर्वांना आधीच सांगून ठेवलं. "सगळ्यावर ओरडतं. मनावर घेऊ नका."

पाण्याची कड सोडून तो वरच्या कोरड्या गाळावर गेला. तिथे काळी रेती नव्हती. मी हाक सोडली.

आणि खालून वाडीने ओ दिली.

कसं सांगू तुम्हाला! कोकणात मी एकेका वस्तूशी बोललो होतो. इथे सगळीकडून उत्तरं येऊ लागली. जाड, घोगरी, गंजलेली. माझं गंजलेलं बटण मला गप्प राहू देईना. दोन पावलं झाली की गुरगुर. चार पावलं झाली की गुरगुर. जणू बरीच माणसं अंधारात बसली होती आणि कुणीतरी दार उघडताच सगळ्यांनी माना वर केल्या. मला भीती वाटली. यंत्राला भीती वाटते का, असं विचारू नका. वाटली.

"बघा, म्हणालो ना," हौशीराम वैतागून म्हणाला. "सगळं भंगार."

"थांब," फुलाबाई उठली. "पुन्हा चाल तिथनं."

तो पुन्हा चालला. मी एका रेषेत, सारख्या अंतराने गुरगुरलो.

"दावण हाय ती," फुलाबाई म्हणाली. "भिमाजीचा गोठा. बैलं बांधायच्या कड्या जमिनीत गाडलेल्या व्हत्या. इथनं पुढं जा बरं. भिताड असंल."

पुढे मी लांबलचक, वळणदार आवाज केला. थांबला, पुन्हा वळला, गोल पूर्ण झाला.

"धर्माजीच्या गाडीची धाव," ती म्हणाली. चाकावर बसवलेली लोखंडी पट्टी ती. "चाक मोडलं तवा धाव भिताडाला टेकवून ठिवली. पोरं त्यातनं आरपार जायची."

बोलता बोलता तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला. धर्माजीच्या ओट्यावर म्हातारी माणसं बसायची. समोर फक्त भेगाळलेला गाळ होता, पण तिने पदर ओढला आणि मान खाली घालून ती पुढे गेली. पुढे एका जागी कुणाला तरी वाट द्यावी तशी अंग चोरून बाजूला झाली. गेणूचं हसू मावळलं. त्याने आपल्या शेळ्या मागे हाकलल्या. कारण नसताना.

मग मी एका जागी खोल आणि जड गुरगुरलो.

"विहिरीचा रहाट," फुलाबाई म्हणाली आणि तिथेच थांबली. मग सरळ न येता ती लांबून वळसा घालू लागली.

"आई, सरळ ये ना. काही नाही तिथं."

"न्हाई रं. ह्या विहिरीवर आमाला येऊ देत नव्हते. पाय आपसूक वळत्यात."

धम्मपाल जागच्या जागी उभा राहिला. हौशीरामची मूठ माझ्या दांड्यावर घट्ट झाली. त्याने खाली बघितलं. विहीर बुजून, बुडून, वाळून इतकी वर्षं झाली होती आणि तिचा वळसा अजून तिथेच होता.

"विहिरीकडं पाठ केली की डाव्या हाताला आमची आळी," फुलाबाई म्हणाली. आता ती डोळे मिटून चालत होती. तिने एका ठिकाणी पाय उंच उचलला. तिथे तिचा उंबरठा होता. "हे घर. इथनं आत्याबाईंनी हात केला." तिने उजवा हात लांब केला. "असा."

हौशीराम त्या हाताच्या दिशेने निघाला. मी गप्प होतो. पुढे गाळात बुटांचे ठसे होते. ते त्याचेच होते. काल नवा इथूनच फिरून गेला होता आणि काहीही न बोलता गेला होता.

त्या ठशांच्या अगदी कडेला मी गुरगुरलो. तो आवाज लहान होता आणि चंद्रकोरीसारखा वाकडा.

"लोखंड आहे," हौशीराम म्हणाला.

"पत्र्याचा तुकडा असेल," धम्मपाल म्हणाला. पण त्याचा आवाज बदलला होता.

हौशीरामने मला हळूच खाली ठेवलं आणि गाडीकडून नव्याला आणलं. या वेळी त्याने लोखंड बंद केलं नाही. नव्याने एकदा गुरगुरून पाहिलं. मग त्याने ते केलं, जे मला जन्मात जमलं नसतं. त्या घोगऱ्या आवाजाच्या आडून त्याने एक बारीक, उंच, गोड सूर वेगळा काढला. ताटली दुसऱ्या बाजूने फिरवली, तरी तो तिथेच होता. दोन ठिकाणी. जवळ जवळ.

"लोखंडाखाली चांदी आहे," हौशीराम म्हणाला. "काल लोखंड गप्प केलं आणि त्याच्याबरोबर तीही गप्प झाली. मावशी, माती मी काढू, का तुम्ही?"

फुलाबाई बसली. तिने कुणाला हात लावू दिला नाही. बोटांनी गाळ बाजूला केला, मग खालची जुनी माती. वर आला तो एक विळा. गंजून जाड झालेला, मूठ कुजून गेलेली. मुठीच्या जागी एक पितळी कडं मात्र शाबूत होतं. तिने ते अंगठ्याने पुसलं.

"आत्याबाईंचा इळा," ती म्हणाली. "माहेरनं आणलेला. कुणाला हात लावू द्यायच्या न्हाईत. त्या साली कापणीला माझा मागून घेतला. म्हनल्या, माझा हरवला. मी मनात म्हनलं, इळा हरवला तर तोंड एवढं पाडलंय, आन् नात गेली तवा डोळ्यातनं टिपूस न्हाई काढलं. जन्मभर राग धरला ओ मी तुमच्यावर, आत्याबाई."

धम्मपाल तिच्या शेजारी खाली बसला होता. "आजीनं सोडलं होतं ना हे सगळं?" तो अगदी हळू बोलला. "आम्हाला शिकवायची ती. कशालाच भ्यायचं नाही म्हणायची."

"सोडलं व्हतं की. देव सोडलं, अंगारा सोडला, भ्यायचं बी सोडलं." फुलाबाईने विळ्यावरून हात फिरवला. "नात न्हाई सोडवली तिच्यानं. रानात एकटी ठेवायची म्हनल्यावर काय करंल बाई? हातात इळाच व्हता."

वारा नव्हता. पण मित्रांनो, खाली पडल्या पडल्या, मी सुरूच होतो, आणि कुणीही मला हलवत नसताना माझ्यातून एकदा बारीक, उंच आवाज आला. हौशीराम म्हणतो, ते सेल उतरल्याने होतं. असेलही.

"वाळे काढायचे का आई?" धम्मपालने विचारलं. "घरी नेऊ?"

"लेकराच्या पायातलं काढत्यात व्हय?" ती म्हणाली. "इळा ठेव. व्हता तसा."

धम्मपाल, ज्याला लिंबू-मिरची दिसली तरी राग यायचा, त्याने तो विळा दोन्ही हातांत घेतला. पातं बाहेरच्या बाजूला येईल असा, आजीने ठेवला होता तसा ठेवला. माती ओढली, तळहाताने दाबली. मग मायलेकांनी हात जोडून त्रिशरण म्हटलं. हौशीराम टोपी काढून उभा राहिला. गेणूही उभा राहिला आणि त्याच्या शेळ्यासुद्धा त्या वेळी ओरडल्या नाहीत.

थोड्याच दिवसांत धरणाचं पाणी चढलं. आता त्या जागेवर कितीतरी पुरुष खोल पाणी असेल.

मध्ये धम्मपाल हौशीरामकडे आला होता. माळ्यावरून मला त्याचं बोलणं ऐकू आलं. हौशीरामने विचारलं, "आता मावशीला आवाज येत नाही ना?"

"येतो की," धम्मपाल म्हणाला. "पण आता उठून जात नाही. दुपारी वाजले की म्हणते, खेळतीया, खेळू दे. आजी हाय तिच्याजवळ. आणि भाजी निवडत बसते."

"आणि तुम्ही काय म्हणता?"

"मी? मी गप्प बसतो. ऐकतो."

अशी माझी हकिगत. नवा आता लग्नांच्या लॉनवर आणि हौशीरामच्या कोकणातल्या फेऱ्यांवर जातो, आणि खाऱ्या वाळूसाठी तोच न्यावा, असं मीही सांगीन. माझ्याबद्दल एवढंच मागणं आहे, की जुनी यंत्रं ठेवून देताना पोटातले सेल काढून ठेवत जा. ते फुटून आतल्या तारा खातात. मिठाचं पाणी लागलं असेल तर गोड्या पाण्याने पुसा. हौशीरामने उशिरा का होईना, माझ्यासाठी ते केलं.

आणखी एक गोष्ट आहे, मित्रांनो, आणि ती यंत्राची नाही. तुमच्या घरात कुणी म्हातारं माणूस रिकाम्या जागेकडे हात करून म्हणालं, इथे अमक्याचा गोठा होता, इथे आमचा उंबरठा होता, तर त्यांना एकटं सोडू नका. त्यांच्या मागे मागे, त्यांच्याच चालीने चाला. माझ्यासारखा फार तर सांगील, की इथे लोखंड आहे. ते कुणाच्या दाराचं, ते कुणी आणि कुणासाठी ठेवलं, हे मला कुठून कळणार? ते सांगणारं माणूस आज तुमच्या शेजारी बसलं आहे. ते उठून जायच्या आधी विचारा.